हाटपिपल्याचे कानुंगो

मराठी संतचरित्रांतून सरकारी दप्तराचा वास पुष्कळ येतो, ही गोष्ट त्यांची पारायणे करणाऱ्या भाविकांच्या सहसा ध्यानात येत नाही. माझ्या आली, याचे कारण माझी स्वतःची उमेदीची सर्व वर्षे महसूल खात्याच्या रुमालांत गेली. मंगळवेढ्याचे दामाजीपंत हे बिदरच्या बादशहाचे अंमलदार, आणि दुष्काळात त्यांनी रयतेस लुटविले ते धान्य सरकारी कोठारातले. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी हे देवगिरीचे किल्लेदार. त्यांच्या दप्तरी हिशोब रुजू करताना रात्र जागून काढल्यावर अखेर चूक सापडली तेव्हा एकनाथांनी आनंदाने टाळी वाजविली, ही कथा घरोघर ठाऊक आहे. आणि ज्यांनी या कथा ओवीबद्ध करून ठेविल्या ते महिपतीबोवा ताहराबादकर हे तर जातीने गावचे कुलकर्णी. ते पूजेस बसले असता कचेरीचा शिपाई बोलावण्यास आला, ‘पूजा उरकून येतो’ म्हटल्यावर उद्धटपणे बोलला, तेव्हा बोवांनी जाऊन काम तर उरकले, परंतु घरी परतताच लेखणी पांडुरंगाच्या पायांशी ठेविली आणि ती पुन्हा मनुष्याच्या चाकरीत चालविणार नाही अशी शपथ वाहिली, असे सांगतात. एकाने कोठार उघडले, एकाने किल्ला आणि उपासना ही दोन्ही सांभाळली, एकाने लेखणी खाली ठेविली. आणि आपल्या समाजाचा असा काही स्वभाव आहे की, यांपैकी पहिल्याची व तिसऱ्याची कीर्तने होतात, मधल्याची होत नाहीत.

ज्यांच्याविषयी मी लिहावयास बसलो आहे ते या मधल्या पंथाचे होते. ते आमचे राजस्व निरीक्षक. हे नाव सरकारी कागदापुरते, लोकांच्या तोंडी जुना ‘कानुंगो’ हाच शब्द. त्यांचे नाव मी सांगत नाही, कारण त्यांच्या घरच्यांना ते आवडणार नाही आणि खुद्द त्यांना तर मुळीच आवडले नसते. हाटपिपल्याच्या पंचक्रोशीत त्यांना ‘नानासाब’ म्हणत, आम्ही तेथली मूठभर मराठी माणसे नुसते ‘नाना’ म्हणत असू, तेवढी ओळख पुरे आहे.

हाटपिपल्या हे देवासच्या आग्नेयेस, काळ्या भुईच्या पठारावर वसलेले बाजाराचे गाव. दक्षिणेकडे बागली ओलांडली की हे पठार संपते, विंध्याचा घाट सुरू होतो आणि खाली नर्मदेचे खोरे लागते. म्हणजे गहू, हरभरा, ज्वारी आणि पुढे सोयाबीन पिकविणाऱ्या मैदानी माळव्याचे हे जवळजवळ शेवटचे मोठे गाव म्हणावयास हरकत नाही. आज ज्याला आपण देवास जिल्हा म्हणतो तो १९४८ च्या पूर्वी गोधडीच्या ठिगळांसारखा निरनिराळ्या दरबारांत विभागलेला होता. खुद्द देवासात पवारांच्या थोरल्या व धाकट्या अशा दोन पाती एकाच शहरात शेजारी शेजारी राज्य करीत होत्या. सोनकच्छ शिंद्यांकडे, कन्नोद होळकरांकडे, आणि बागलीचे ठाकूर शिंद्यांचे मांडलिक. २८ मे १९४८ रोजी मध्य भारत संघ अस्तित्वात आला, १ नोव्हेंबर १९५६ रोजी तोही मध्य प्रदेशात विलीन झाला, आणि या सर्व दरबारांचे कागद एका जिल्ह्याच्या दप्तरखान्यात एकत्र येऊन पडले. त्यांत मोडी होते, उर्दू होते, हिंदी होते. मोजमापे भिन्न, शिरस्ते भिन्न. फॉर्स्टर नावाचा इंग्रज कादंबरीकार १९२१ साली देवासच्या थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी चिटणीस होता व त्या दरबारच्या गोकुळाष्टमीचे वर्णन त्याने पुढे ‘द हिल ऑफ देवी’ या १९५३ सालच्या पुस्तकात मोठ्या रसिकतेने केले आहे. परंतु त्या दरबारच्या गावोगावच्या शेतांच्या नोंदी कोण ठेवीत होते, याकडे त्या साहेबाची नजर गेली नाही. नानांचे वडील व आजे त्या नोंदी ठेवणाऱ्यांतले होते. मोडी नाना त्यांच्यापासूनच शिकले, आणि मी १९७६ साली शेजारच्या हलक्यावर नवखा पटवारी म्हणून रुजू झालो तेव्हा आमच्या सबंध दप्तरात मोडी सरळ वाचणारा तो एकच मनुष्य उरला होता.

पहिल्याच पावसाळ्यात त्यांनी मला गिरदावरीस बरोबर नेले. गिरदावरी म्हणजे पटवाऱ्याने प्रत्येक शेतावर जाऊन उभे पीक डोळ्यांनी पाहावे आणि खसऱ्यात त्याची नोंद करावी. हे काम किती पटवारी गावच्या ओट्यावर बसून, कोटवाराच्या तोंडून ऐकून उरकतात हे त्या खात्यातला मनुष्यच जाणे. नानांचा दंडक असा की, खसरा मेढेवर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभे राहून लिहावयाचा. चिखलात पाय रुतलेले, डोक्यावर छत्री, काखेत कापडी नकाशाचा लठ्ठा, आणि ज्या शेताचा क्रमांक लिहावयाचा त्याच्या चारी बाजू नजरेखाली घातल्यावाचून लेखणी टेकवावयाची नाही, अशा रीतीने ते एकेक गाव पुरे करीत. मी कंटाळून विचारले की, नाना, या शेतात गेल्या साली ज्वारी होती, औंदाही ज्वारीच दिसते आहे, मग पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत जाण्याचे प्रयोजन काय? ते म्हणाले, “पलीकडच्या कोपऱ्यात त्याच्या विधवा भावजयीचे चार तास आहेत. ते तिने पेरले की याने, हे इथून दिसत नाही.” आम्ही गेलो. तिनेच पेरले होते. ती नोंद झाली, आणि पुढे काही वर्षांनी त्या दोन घरांत वाटणीचा तंटा उभा राहिला तेव्हा त्या बाईच्या हाती पुराव्यादाखल दुसरे काहीही नव्हते.

नानांची पूजा रोजची होती, लांब होती आणि सोवळ्यातली होती. देव्हाऱ्यात विठ्ठल-रखुमाई, कुलस्वामिनी, शाळिग्राम आणि वडिलांच्या हातचा एक दत्ताचा टाक. एकदा पूजा चालली असता खेड्यातला एक शेतकरी दारात येऊन उभा राहिला. सहकारी संस्थेच्या कर्जाची ती अखेरची तारीख होती आणि त्याला खसऱ्याची नक्कल पाहिजे होती. नाना अर्ध्या पूजेतून उठले, हात पुसून नक्कल तपासली, शिक्का केला, त्याला वाटेस लावले आणि पुन्हा स्नान करून पूजा पहिल्यापासून आरंभिली. मी त्या दिवशी त्यांच्याकडेच उतरलो होतो. थट्टेने म्हटले, “नाना, महिपतीबोवांनी अशाच प्रसंगी लेखणी देवापुढे ठेविली होती.” त्यावर ते हसले. “बोवांना बोलावणे जहागीरदाराचे आले होते,” ते म्हणाले, “मला शेतकऱ्याचे आले. शिवाय माझ्या घरात एक तारखेची वाट पाहणारी सहा माणसे आहेत.” हे उत्तर विनोदाचे होते, परंतु त्यात त्यांचा सगळा प्रपंच आणि बहुधा परमार्थही आला होता असे मला पुढे वाटू लागले.

भाद्रपद शुद्ध एकादशीस, म्हणजे माळव्यात जिला डोल ग्यारस म्हणतात त्या दिवशी, गावोगावचे देव डोलात बसून पाण्यावर जातात. हाटपिपल्यात या दिवसाचे महत्त्व विशेष आहे. तेथील नृसिंह मंदिरातली पाषाणाची मूर्ती, जिचे वजन साडेसात किलो सांगतात, भमोरी नदीच्या पाण्यावर सोडतात आणि ती तरते. तीनदा सोडावयाची, आणि जितक्या वेळा तरेल त्यावरून येते वर्ष कसे जाईल याचा अंदाज लोक बांधतात. दूरदूरच्या गावांहून माणसे येतात, नदीचे दोन्ही काठ फुलून जातात, आणि मूर्ती पाण्यावर दिसताच जो जयघोष उठतो तो ऐकल्यावर श्रद्धा-अश्रद्धेचा विचार करण्यास सवड राहत नाही. नाना दर वर्षी सहकुटुंब जात, मुलांना खांद्यावर घेऊन दाखवीत, प्रसाद घेत. मात्र पावसाचा आणि पिकाचा अंदाज कुणी त्यांच्याजवळ बोलू लागला की ते म्हणत, “देवाचे तरणे देव पाहील. मला उद्या ज्वारी पाहावयाची आहे.” आणि खरोखरच द्वादशीला पारणे सोडून ते पहाटेच गिरदावरीस निघत. भाविक मनुष्याच्या तोंडी ही भाषा मला प्रथम विचित्र वाटे.

या गावाने मध्य प्रदेशाला एक मुख्यमंत्री दिला. कैलाश जोशी यांचा जन्म १४ जुलै १९२९ चा, हाटपिपल्याचाच. १९५५ साली ते येथील नगरपालिकेचे अध्यक्ष झाले, १९६२ पासून बागली मतदारसंघातून ओळीने आठ वेळा विधानसभेवर निवडून गेले आणि जून १९७७ ते जानेवारी १९७८ मुख्यमंत्रिपदावर राहिले. ‘राजकारणातील संत’ अशी त्यांची ख्याती २४ नोव्हेंबर २०१९ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत कायम होती. ते मुख्यमंत्री झाल्याची वार्ता आली त्या दिवशी गावात गुलाल उधळला गेला, मिठाई वाटली गेली, आणि त्याच आठवड्यात हद्दीच्या जुन्या तंट्यांतले दोघे-तिघे पक्षकार आमच्या दप्तरात येऊन नानांना सांगू लागले की, नानासाब, आता भोपाळ आपलेच झाले. नानांनी प्रत्येकाला पेढा दिला आणि म्हटले, “भोपाळ आपले झाले असेल, मेढ ज्याची त्याचीच आहे.” हे वाक्य पुढे बरीच वर्षे गावात म्हणीसारखे चालत होते.

१९७९ सालचा दुष्काळ देशभर होता, माळवाही सुटला नाही. अशा वर्षी पिकाची आनावारी, म्हणजे किती आणे पीक आले याचा अंदाज, काढतात. ती किती आली यावर वसुली तहकूब होणार की नाही, मदतीची कामे निघणार की नाही, हे ठरते. आनावारी चढी दाखविली की वसुलीचे आकडे चांगले दिसतात, आणि आकडे चांगले दिसावे अशी इच्छा वरून खाली अगदी हळुवारपणे, लेखी हुकुमावाचून, उतरत येते. एका वरिष्ठाने, ज्यांचे नाव घेण्याचे कारण नाही, नानांना बोलावून सांगितले की, तुमच्या मंडळाची आनावारी शेजारच्या मंडळांहून फार खाली आहे, पुन्हा पाहावी. नाना म्हणाले, पुन्हा पाहतो. त्याप्रमाणे कापणीप्रयोगाची शेते पुन्हा पाहिली, आम्हा सर्वांना चालवून चालवून दमविले आणि पहिल्यापेक्षा किंचित खालचाच आकडा घेऊन परत आले. साहेब रागावले, परंतु प्रत्येक शेताचा क्रमांक, पंचांच्या सह्या आणि वजनाचा तपशील इतका चोख होता की त्यात फिरविता येण्याजोगी जागाच नव्हती. मला त्या दिवशी दामाजीपंतांची आठवण झाली आणि मी ती बोलूनही दाखविली. नाना जरा चिडलेच. दामाजींच्या हाती कोठाराची किल्ली होती, आपल्या हाती फक्त आकडा आहे, असे ते म्हणाले. आणि कोठार उघडण्यापेक्षा आकडा खरा लिहिणे सोपे आहे, त्याचे कौतुक करू नये, असेही वर म्हणाले. हे त्यांचे म्हणणे मला आजही तितकेसे पटत नाही. कोठार एकदा उघडावे लागते. आकडा दर साली लिहावा लागतो.

घरी ते कसे होते हे सांगणे अधिक कठीण आहे, कारण तेथे प्रसंग असे घडतच नव्हते. संध्याकाळी हाटातून भाजी आणावयाची ती स्वतः निवडून. मुलींच्या पाटीवर पाढे घालून द्यावयाचे. दिवेलागणीला सर्वांनी मिळून हरिपाठ म्हणावयाचा, आणि त्या वेळी घरात पाहुणा असला तर त्यानेही म्हणावयाचा, मग तो माझ्यासारखा बेसूर असला तरी हरकत नसे. नानांच्या पत्नीची, आमच्या काकूंची, दृष्टी काचबिंदूने हळूहळू गेली. चाळिशीनंतर त्यांना उजेड-अंधारापलीकडे दिसत नसे. तेव्हापासून नाना रोज सकाळी दारापुढे सडा घालून रांगोळी काढू लागले. पुरुषमाणसाने रांगोळी काढण्याची चाल त्या आळीत नव्हती. लोक पाहून हसत. नानांना फुलांची, वेलबुट्टीची रांगोळी येतच नसे. ते ठिपक्यांची काढीत, आणि ठिपके जन्मभर मोजणीची जरीब ओढलेल्या हाताचे असल्यामुळे सूत धरल्याप्रमाणे समान अंतरावर पडत. काकू आतून विचारीत, “आज किती ठिपके?” नाना संख्या सांगत. बस्स, एवढेच. मी या दोघांना परस्परांशी याहून अधिक प्रेमाचे काही बोलताना ऐकलेले नाही.

त्यांच्या सोवळ्याविषयी वर लिहिले, तेव्हा त्याची दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. देवास भागात कबीराच्या निर्गुणी भजनांची परंपरा खेडोपाडी जिवंत आहे. कुमार गंधर्व फुप्फुसांच्या आजारामुळे १९४८ साली हवापालटासाठी देवासला येऊन राहिले आणि त्यांच्या गाण्यात हे निर्गुण पुढे उतरले ते या भूमीतूनच. या भजनांच्या मंडळ्या बहुतेक बलाई या, एके काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या, समाजाच्या. फिरतीवर रात्र पडली की नाना अशा मंडळीत जाऊन तंबुऱ्याजवळ बसत आणि पहाटेपर्यंत ऐकत. परंतु घरी आल्यावर प्रथम स्नान करीत, आणि हे त्या गायकांनाही ठाऊक होते. मला ते खटकत असे. एकनाथांच्या चरित्रातले प्रसंग ज्याच्या जिभेवर, त्याने असे करावे? मी बोललो मात्र कधी नाही. पुढे केव्हातरी, नेमके कधी ते सांगता येणार नाही, हे स्नान बंद झाले. त्यांनी त्याविषयी काही जाहीर केले नाही, काकूंनीही विचारले नाही. फिरतीहून येऊन हातपाय धुऊन सरळ देव्हाऱ्याशी बसू लागले, इतकेच.

आता एका शेताची हकीकत. नानांच्या घराण्याकडे हाटपिपल्याजवळच्या एका खेड्यात विठ्ठल-रखुमाईचे लहानसे देऊळ आणि त्याखाली काही बिघे इनाम जमीन होती. संस्थानांचे कागद नव्या खसऱ्यात उतरविले गेले तेव्हा भूमिस्वामीच्या रकान्यात नानांच्या आजोबांचे, मग वडिलांचे आणि वारसाने नानांचे नाव लागत आले. त्या भागात देवस्थानांच्या कित्येक जमिनींची हीच गत होती, आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नसे. मोठ्या मुलीचे लग्न ठरले तेव्हा शेताचा एक तुकडा विकावा असे घरात ठरू लागले. विक्रीपूर्वी कागद तपासावे म्हणून नानांनी वडिलांच्या पेटीतला मोडी रुमाल सोडला. त्यात मूळ सनद निघाली. सुहूर सनाचे ते अरबी आकडे, ‘सित सबैन मया व अलफ’, म्हणजे इसवी १७७५-७६, त्यांनी मला बोटाने दाखविले आणि पुढचा मजकूर वाचला. इनाम देवाच्या नंदादीपासाठी व नैवेद्यासाठी दिलेले होते. त्यांच्या पूर्वजाकडे पूजाअर्चेचे काम सोपविले होते, जमीन नव्हे.

दुसऱ्या दिवशी नानांनी नोंददुरुस्तीचा अर्ज लिहिला, आणि चौकशी आपल्या हाताखालच्या पटवाऱ्याकडे न येता दुसऱ्या मंडळाच्या निरीक्षकाकडे जावी अशी त्यात विनंती केली. थोरला मुलगा तेव्हा कॉलेजात होता. तो संतापला. त्याचे म्हणणे अगदीच अवाजवी नव्हते: पिढ्यान्‌पिढ्या आपण राबलो, पूजा केली, दिवा विझू दिला नाही, आणि आता बहिणीच्या लग्नाच्या वेळी तुम्हाला देवाचा हक्क आठवला. मी त्या संभाषणास हजर होतो व मनातून मुलाच्या बाजूचा होतो. नाना शांतपणे म्हणाले की, कायद्याच्या दृष्टीने देव हा सदैव अज्ञान असतो. अज्ञान मुलाची मिळकत पालकाने आपल्या नावावर करून घेतली तर त्याला आपण काय म्हणतो? मुलगा म्हणाला, “तो देव आहे, मूल नाही.” त्यावर नाना म्हणाले, “या घरात तुम्ही चौघे आणि तो पाचवा. तुम्ही सज्ञान व्हाल, आपले मिळवाल. तो कधी सज्ञान होणार नाही.”

मुलीचे लग्न भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढून आणि काकूंच्या पाटल्या मोडून झाले. पाटल्यांविषयी काकूंनी आपण होऊन सांगितले, असे नाना म्हणत. मला तेथे थोडी शंका आहे, कारण त्या घरात काकूंना वेगळे विचारण्याची गरज कोणाला फारशी वाटत नसे. सनद सादर झाली, चौकशी झाली, नोंद बदलली. रकान्यात देवाचे नाव आले, आणि शेरा पडला की नाना हे पुजारी. मुलगा पुढे काही वर्षे वडिलांशी कामापुरतेच बोले.

ही दुरुस्ती करून नानांनी फार मोठा दूरदर्शीपणा केला असे कोणी समजू नये. त्यांना त्यात दूरचे काही दिसत नव्हते. हातातला कागद काय म्हणतो एवढेच दिसत होते. परंतु ६ सप्टेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातल्याच पुजाऱ्यांच्या एका प्रकरणात निकाल दिला की, देवस्थानाच्या जमिनीचा मालक देव आहे, पुजारी हा केवळ व्यवस्थापक आहे आणि मालकाच्या रकान्यात देवाचेच नाव असावे. त्या दिवशी मला नानांची आठवण होणे स्वाभाविक होते. तोपर्यंत ते जाऊन बरीच वर्षे लोटली होती. निवृत्तीच्या दिवशी दप्तर बंद होईपर्यंत ते नकलांवर सह्या करीत होते. मरणाच्या आदल्या दिवशी अंथरुणावरून उठवेना, तेव्हा रांगोळीचे ठिपके त्यांनी धाकट्या नातीकडून, तोंडाने अंतर सांगून, घालून घेतले. काकू त्यांच्यामागे फार दिवस राहिल्या नाहीत.

थोरला मुलगा शिक्षक झाला, निवृत्त झाला आणि पूजेसाठी खेड्यावर येऊन राहिला आहे. मागच्या खेपेस मी त्याला भेटलो तेव्हा तो वडिलांविषयी पुष्कळ बोलला, तक्रारही त्यात होती. देवाच्या नावच्या जमिनीचे गहाणखत होत नाही, म्हणून विहीर खोल करण्यास कर्ज मिळाले नाही. शेतकऱ्यांना वर्षाकाठी सहा हजार रुपये देणारी केंद्राची सन्मान निधी योजना संस्थेच्या नावावरच्या जमिनीस लागू नाही, म्हणून तेही नाहीत. शेजारच्या खेड्यातल्या एका पुजाऱ्याच्या घराने रकाना बदलण्यापूर्वीच जमीन विकून इंदूरला घर बांधले, हे सांगतानाचा त्याचा स्वर मी ओळखीत होतो. तोच कॉलेजातला स्वर होता. “अप्पा, तुम्हीच सांगा,” तो मला म्हणाला, “नानांनी आम्हाला काय दिले?” मी काही सांगितले नाही. त्याला उत्तर नको होते, आणि खरे तर माझ्यापाशी ते नव्हतेही.

मग त्याने कपाटातून एक कागद काढून मला तपासावयास दिला, कारण मी खात्यातला जुना मनुष्य. सततच्या पावसाने सोयाबीन कुजले होते आणि पीकनुकसानीच्या मदतीसाठी त्याने तहसिलीत द्यावयाचा अर्ज लिहिला होता. खसरा क्रमांक, रकबा, नुकसानीचा अंदाज, पंचनाम्याची तारीख, सर्व यथास्थित होते; अक्षर हुबेहूब नानांचे. अर्जदाराच्या जागी लिहिले होते: श्री विठ्ठल-रखुमाई, आणि त्याखाली, तर्फे पुजारी, म्हणून त्याची स्वतःची सही. मी त्यात काही दुरुस्ती सुचविली नाही. अर्ज त्याने दुसऱ्या दिवशी दाखल केला. मदतीची रक्कम कोणत्या खात्यात जमा करावी, देवाचे खाते कोणत्या बँकेत आहे, याविषयी दप्तराने खुलासा मागविला आहे, आणि तो त्याने लिहून पाठविला आहे.